हिंडणे, फिरणे, भटकणे : अर्थविचार आणि एक आक्षेप

मराठीत स्वैर गतीचा अर्थ सांगणारी तीन क्रियापदे नित्याच्या वापरात आहेत : हिंडणे, फिरणे आणि भटकणे. यांखेरीज भ्रमण, अटन, संचार, पर्यटन हे संस्कृत शब्द, मुशाफिरी, सफर, दौरा हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले शब्द, आणि वारी, फेरी, येरझार, वणवण, उंडारणे असे घरचे शब्द, हा परिवार मोठा आहे. कोश उघडला असता यांपैकी एका शब्दाचा अर्थ बहुधा दुसऱ्याने आणि दुसऱ्याचा तिसऱ्याने दिलेला आढळतो. व्यवहाराला तेवढे पुरते. परंतु अर्थविचाराला ते पुरत नाही. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादावयाचे आहे की, हे तीन शब्द समानार्थक नाहीत. आणि ते समानार्थक मानल्यामुळे, विशेषतः ‘भटकणे’ या शब्दाला एका शासकीय संज्ञेत जागा मिळाल्यामुळे, लाखो मराठी भाषकांच्या जीवनपद्धतीचे वर्णन चुकीचे झाले आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारण झाला. तो आत्मपर असला तरी सांगणे आवश्यक आहे. दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात समानार्थकत्वाचा पाठ घेताना प्रस्तुत लेखकाने ‘भटकणे’ या शब्दाचे उदाहरण म्हणून फळ्यावर एक वाक्य लिहिले : ‘धनगर मेंढ्या घेऊन रानोमाळ भटकतात.’ वाक्य निर्दोष वाटले होते. तास संपल्यावर माण तालुक्यातील एक विद्यार्थी मागे थांबला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “सर, आमच्या घरचे भटकत नाहीत. ते जातात.” त्याचे म्हणणे त्या वेळी एका भावनेपलीकडचे वाटले नाही. पुढे विचार करता लक्षात आले की, त्याने व्याकरणाचाच मुद्दा उपस्थित केला होता आणि तो बरोबर होता.

प्रथम प्रयोगाकडे पाहू. ‘आम्ही सारा मुलूख हिंडलो’ हे शुद्ध मराठी आहे. ‘आम्ही सारे गाव फिरलो’ हेही चालते. परंतु ‘आम्ही सारा मुलूख भटकलो’ असे म्हणताना जाणत्या भाषकाची जीभ अडखळते. तो ‘मुलूखभर भटकलो’ किंवा ‘गावोगाव भटकलो’ असे क्रियाविशेषणाचे साहाय्य घेतो. हिंडणे आणि फिरणे ही क्रियापदे अकर्मक असूनही प्रदेशवाचक नामाला कर्मासारखे जवळ करतात. भटकणे करीत नाही. याचा अर्थाशी संबंध आहे. जो प्रदेश हिंडून झाला तो ओळखीचा झाला, एका अर्थी हाताखालून गेला. ‘चार मुलूख हिंडलेला माणूस’ म्हणजे अनुभवी माणूस. त्याच्या जागी ‘चार मुलूख भटकलेला’ असे म्हणून पाहावे. अनुभव नाहीसा होऊन केवळ पायपीट उरते.

दुसरी कसोटी प्रयोजकाची. फिरवणे, हिंडवणे ही रूपे रूढ आहेत : पाहुण्यांना गाव हिंडवून आणतात, मुलाला खांद्यावर घेऊन फिरवतात. ‘भटकवणे’ मात्र मराठीत रुळलेले नाही. ‘भटकायला लावणे’ अशी वळणाची रचना करावी लागते, आणि तीत नेहमी छळाची छटा येते. तिसरी कसोटी विनंतीची. ‘जरा फिरून या’, ‘चार दिवस हिंडून या’ असे वडीलधाऱ्यांना म्हणता येते. ‘भटकून या’ हे समवयस्क मित्रालाच, तेही थट्टेने. चौथी गोष्ट शब्दांच्या सोबतीची. भटकणे या क्रियापदाच्या आसपास वणवण, दारोदार, रानोमाळ, उपाशीतापाशी हे शब्द घुटमळताना दिसतात. हिंडण्याच्या सोबतीला फिरणे येते, आणि ‘हिंडणे-फिरणे’ या जोडशब्दाचा एक अर्थ तर थेट आरोग्याचा आहे. आजारातून उठलेला मनुष्य ‘आता हिंडू-फिरू लागला’ असे सांगताना घरच्यांचा चेहरा उजळतो. एखाद्याचा अकस्मात मृत्यू झाला तर ‘हिंडतं-फिरतं माणूस गेलं’ असे आपण म्हणतो. येथे हिंडणे म्हणजे जिवंत असणे. भटकण्याला हा मान भाषेने कधीच दिलेला नाही.

फिरणे या शब्दाविषयी थोडक्यात सांगावे लागेल, कारण त्याचा विस्तार एवढा आहे की, तो स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. प्राकृतात ‘फिरइ’ आढळते. त्याचे समाधानकारक संस्कृत मूळ दाखविता येत नाही. मराठीत चाक फिरते, वारा फिरतो, मन फिरते, डोके फिरते, दिवस फिरतात, आणि माणूस दिलेला शब्द फिरवतो. या सर्वांच्या मुळाशी वर्तुळाची कल्पना आहे : जे फिरते ते परत येते, अथवा निदान दिशा बदलते. म्हणूनच फेरा, फेरी, फेरफटका आणि फिरती. यांतील शेवटच्या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मामलेदार फिरतीवर असतो, विक्रेता फिरतीवर असतो, ग्रंथालयही फिरते असते. त्याहून वरच्या अधिकाऱ्याचा ‘दौरा’ असतो. या अरबी शब्दाच्या मुळाशीही वर्तुळच आहे. नोकरीच्या फिरतीला भत्ता मिळतो. भटकण्याला कोणी भत्ता दिल्याचे ऐकिवात नाही.

आता व्युत्पत्ती. हिंडणे हा शब्द संस्कृत ‘हिण्डते’, प्राकृत ‘हिंडइ’ या सरळ परंपरेतील आहे. पाणिनीय धातुपाठात या धातूचा अर्थ ‘हिडि गत्यनादरयोः’ असा दिला आहे : गती आणि अनादर. धातुपाठातील अर्थनिर्देश पाणिनीचे नव्हेत, ते नंतरच्या परंपरेने भीमसेनाच्या नावावर घातले आहेत, आणि ‘हेड्’ या अनादरवाचक धातूशी येथे सरमिसळ झाली असण्याचा संभव आहे, हे मान्य करूनही या जोडीचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. कोण्या वैयाकरणाला हिंडणे आणि अनादर एका धातूत ठेवताना विसंगत वाटले नाही. गंमत अशी की, मराठीत हा अनादर हिंडण्याला चिकटला नाही, तो भटकण्याच्या वाट्याला गेला. जैन प्राकृतात ‘हिंडइ’ साधूच्या भिक्षाटनालाही वापरतात, आणि तेथे अनादराचा लवलेशही नाही.

भ्रम् धातूला धातुपाठ दोन अर्थ देतो : एका गणात चलन, दुसऱ्या गणात अनवस्थान, म्हणजे ठिकाणावर नसणे. भ्रमण आणि भ्रम हे दोन्ही शब्द त्यातून आले. पायाचे चालणे आणि बुद्धीचे ठिकाण सोडणे यांची सांगड येथे प्रथमपासूनच आहे. भटकणे या शब्दाविषयी निश्चय नाही. जुन्या कोशकारांत संस्कृत ‘भ्रष्ट’ या शब्दाकडे बोट दाखविणारे आहेत. ध्वनिदृष्ट्या ते अशक्य नाही, परंतु निर्णायकही नाही. एका उत्तरपत्रिकेत मात्र प्रस्तुत लेखकास अशी व्युत्पत्ती आढळली की, दक्षिणेसाठी गावोगाव जाणारे भट ज्या प्रकारे जात ते भटकणे. कल्पना मनोरंजक असली तरी तिला आधार नाही. भट हा शब्द ‘भर्तृ’ शब्दापासून ‘भट्ट’ या मार्गाने आलेला आहे आणि त्याचा या क्रियापदाशी संबंध दाखविता येत नाही. तथापि त्या विद्यार्थ्याने नकळत एक प्रश्न मात्र पुढे केला. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीतून कसेबसे परतले. त्यांच्या हकीकतीस आपण ‘माझा प्रवास’ म्हणून ओळखतो. ठावठिकाणा नाही, पैसा नाही, पुढे काय होणार ते ठाऊक नाही, अशा स्थितीतील त्या वणवणीला ‘भटकणे’ म्हणावे असे कोणाला वाटत नाही. का वाटत नाही?

याचे उत्तर ‘प्रवास’ या शब्दातच आहे. प्र आणि वस् मिळून तो झाला. वस् म्हणजे राहणे. घरापासून दूर राहणे तो प्रवास. म्हणजे आपला प्रवासाचा शब्दच वस्तीवर आधारलेला आहे, आणि ज्याच्या मागे वस्ती आहे त्याच्याच जाण्याला तो लागू होतो. गोडसे भटजींच्या मागे वरसई होती. ज्याच्या मागे गाव असल्याचे आपण मान्य करीत नाही त्याचे जाणे प्रवास होत नाही.

हे सूत्र एकदा ध्यानी आले म्हणजे मराठीतील गतिवाचक शब्दांची वाटणी उघड होते. यात्रेकरू जातो ती वारी. हा शब्द ‘वार’ म्हणजे पाळी, खेप यापासून आलेला आहे आणि त्यात नियमितपणा गृहीत आहे. महानुभाव साधकाचे ते अटन. चक्रधरांच्या आचारधर्मात त्याला साधनेचे स्थान आहे. संन्यासी परिव्राजक. व्यापाऱ्याची फेरी. अधिकाऱ्याचा दौरा. संस्कृतात ‘यायावर’ हा शब्द या धातूच्या पौनःपुन्यवाचक रूपापासून साधतात. पाणिनीने त्यासाठी ‘यश्च यङः’ हे सूत्र रचले आहे. बौधायन धर्मसूत्रात यायावर हा शालीन आणि चक्रचर यांच्या जोडीचा एक गृहस्थप्रकार आहे. सन ९०० च्या सुमाराचा राजशेखर, ज्याच्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटलेले आहे, ‘काव्यमीमांसे’त आपल्या मताचा निर्देश ‘यायावरीय’ असा करतो. सतत जाणारा असे कुलनाम मिरविण्यात त्याला संकोच वाटत नाही.

वाईकरांना याहून जवळचे उदाहरण आहे. १९१७ साली विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईस आले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांचे अध्ययन करू लागले. हेच नारायणशास्त्री पुढे केवलानंद सरस्वती झाले. त्या वर्षभरातच विनोबांनी महाराष्ट्रातील किल्ले पाहत सुमारे चारशे मैल पायी काटले. पुढे १९५१ पासून १९६४ पर्यंत ते भूदानासाठी देशभर चालत राहिले. ठरलेले घर नाही, रोज नवा मुक्काम, सोबत जुजबी सामान. बाह्य वर्णन एवढेच दिले आणि नाव लपविले तर वर्गातील विद्यार्थी कोणता शब्द योजतील? विनोबांच्या चालण्याला ‘पदयात्रा’ हा शब्द मिळाला, आणि तो योग्यच होता. मुद्दा इतकाच की, येथे शब्द ठरविला तो गतीच्या प्रकाराने नव्हे, तर चालणाऱ्याच्या प्रतिष्ठेने.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाटणी अधिकच कडवट होते. ‘कुठे हिंडत होतास?’ हा प्रश्न मुलाला विचारला तर त्यात रागावणे असते. ‘कुठे हिंडत होतीस?’ यात संशय असतो. येथे हिंडण्यालाही ते संरक्षण उरत नाही, जे पुरुषाच्या बाबतीत असते. आणि ‘भटकभवानी’ हा शब्द तर एका देवीचे नाव घेऊन शिवी घडवितो. पुरुषासाठी असा दैवताला ओढून आणणारा शब्द मराठीला सुचलेला नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. ‘भटक्या’ हे विशेषण आज दोन ठिकाणी सर्वाधिक भेटते. एक, नगरपालिकेच्या बातमीत : भटकी कुत्री. दोन, शासनाच्या यादीत : भटक्या जमाती. महाराष्ट्रातील आरक्षणाच्या व्यवस्थेत विमुक्त जातींना ३ टक्के, भटक्या जमाती (ब) यांना २.५ टक्के, भटक्या जमाती (क) म्हणजे धनगर समाजाला ३.५ टक्के आणि भटक्या जमाती (ड) म्हणजे वंजारी समाजाला २ टक्के अशी विभागणी आहे. जातीच्या दाखल्यावर हा शब्द छापलेला असतो. फळ्यावरच्या वाक्याने दुखावलेल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावरही तो आहे.

ही संज्ञा इंग्रजी शब्दाच्या भाषांतरातून आली. इंग्रजी शब्द ग्रीक ‘नोमास’ या शब्दापासून आलेला असून त्याचे मूळ ‘नेमेइन’ या क्रियापदात आहे. त्याचे अर्थ वाटून देणे आणि गुरे चारणे हे होत. चराईची वाटणी, चराऊ रान, आणि त्या रानावर कळप नेणारा, असा तो अर्थपट आहे. नियम किंवा कायदा या अर्थाचा ग्रीक ‘नोमोस’ हा शब्दही याच कुळातला. म्हणजे मूळ शब्दात ठिकाण नसणे हा अर्थ नव्हताच. ठरलेल्या रानात कळप चारणे हा होता. मराठी भाषांतराने चराई गाळली आणि निरुद्देशता घातली. आणि हे अशा भाषेत घडले की, जिच्या मागे संस्कृत ‘चर्’ धातू उभा आहे! चरति म्हणजे जातो, आणि चरति म्हणजे चरतो. धातुपाठाच्या परंपरेने हे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. आचार, विचार, संचार हे सारे त्याच धातूचे. मराठीने मात्र ‘चरणे’ हे क्रियापद जनावराच्या तोंडापुरते ठेवले आणि मेंढपाळाचे पाय ‘भटकणे’ या खात्यात टाकले.

ही केवळ शब्दाची हानी आहे काय? ज्याला आपण भटकणे म्हणतो ते प्रत्यक्षात काय आहे ते पाहू. माण, खटाव, आटपाडी, जत हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश. पावसाळ्यात तेथील माळरानावर गवत येते, आणि ते उघडे कोरडे रान मेंढीला मानवते. घाटमाथ्याचा संततधार पाऊस तिला सोसत नाही, खूर सडतात, रोग होतो. दिवाळीच्या सुमारास माळावरचे गवत संपते. त्याच वेळी पश्चिमेकडे सुगी होऊन शेते मोकळी झालेली असतात. मेंढरे तिकडे निघतात. काही कळप कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात थांबतात, काही घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतो. लेंडीमुताचे खत शेताला मिळते आणि मेंढपाळाला त्याबद्दल धान्य किंवा पैसा मिळतो. कोणाच्या शेतात किती रात्री बसावयाचे याचा करार होतो, आणि पुष्कळदा तेच शेतकरी, तीच शेते पिढ्यान्पिढ्या ठरलेली असतात. पावसाळ्याच्या तोंडाशी कळप माघारी येतात. यात निरुद्देश काय आहे? ऋतू ठरलेला, वाट ठरलेली, देणेघेणे ठरलेले. ही ‘फिरती’ आहे, शब्दाच्या काटेकोर अर्थाने : निघाल्या ठिकाणी परत येणारे वर्तुळ.

गुंथर सोंथायमर या जर्मन संशोधकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील आपल्या १९७६ च्या जर्मन ग्रंथात (इंग्रजी अवतार १९८९) धनगरांच्या या जीवनाचा अभ्यास त्यांच्याच मौखिक परंपरेच्या आधाराने केला आहे. कळपासह चालणाऱ्या कुटुंबसमूहाला धनगर ‘वाडा’ म्हणतात. वाईत राहणाऱ्याला हा शब्द चमकावणारा आहे. आमच्याकडे वाडा म्हणजे दगडी जोते, सागवानी खांब आणि चौक. मेणवलीला नाना फडणिसांचा आहे तसा. परंतु व्युत्पत्ती धनगरांच्या बाजूने साक्ष देते. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यापासून वाडा, वाडी आणि वाडगे. मेंढरांभोवतीचे जाळीचे कुंपण हा त्या शब्दाचा अर्थ फडणिसांच्या चौकापेक्षा मुळाच्या अधिक जवळ आहे. (मराठी ‘वाट’, म्हणजे रस्ता, हा मात्र वेगळा शब्द, तो ‘वर्त्मन्’ या शब्दापासून आलेला आहे. दोन्ही शब्द धनगराच्या एका दिवसात एकत्र येतात, हा योगायोग.) ज्याला आपण बेघर समजतो त्याच्या मुक्कामाला भाषेने घराचाच शब्द दिला आहे.

धनगरांपुरतेच हे नाही. वैदू, नंदीवाले, गोपाळ, कैकाडी, डोंबारी यांच्या फिरण्यालाही व्यवसायाची आणि पंचांगाची चौकट होती. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथाच्या यात्रेला रंगपंचमीच्या सुमारास या जमाती वर्षानुवर्षे एकत्र येत आल्या. तेथे त्यांच्या जातपंचायती भरत, सोयरिकी ठरत. जातपंचायतीच्या न्यायाचे समर्थन येथे करावयाचे नाही. त्यातील क्रौर्य पुरेसे नोंदविले गेले आहे. परंतु ठराविक तिथीला ठराविक गावी पोहोचणाऱ्या माणसाला दिशाहीन म्हणता येत नाही, एवढे तरी कबूल करावे लागेल.

दिशाहीन म्हणण्याचे परिणाम इतिहासाने दाखविले आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, ज्या जमातीला स्थिर वस्ती नाही तिचा व्यवसाय खरा आहे की गुन्ह्यासाठी घेतलेला बहाणा आहे, याविषयी सरकारने मत नोंदवावे अशी तरतूद होती. स्थिर माणसाचा व्यवसाय खरा मानूनच चालावयाचे. फिरणाऱ्याला तो सिद्ध करावा लागे. नावे नोंदविली गेली, हजेऱ्या लागल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ हा शब्द जन्मास आला. विमुक्त हा सुंदर शब्द आहे; त्यात जे सोसले त्याची आठवण आहे आणि जे संपले त्याची खूण आहे. त्याच्या जोडीला बसविलेला ‘भटक्या’ हा शब्द मात्र त्या जुन्या कायद्याच्या नजरेतूनच पाहतो : ज्याच्या जाण्याचा हेतू आम्हाला दिसत नाही त्याला हेतू नाही.

ललित साहित्याने या बाबतीत कोशांपेक्षा अधिक विवेक दाखविला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांचे गाव आहे, पंच आहेत, शाळा आहे, आणि अखेरीस दुष्काळ पडून गाव रिकामे होते. वाचकाला जी हुरहूर लागते ती वस्ती मोडल्याची. जाणे हे त्या माणसांचे स्वभावलक्षण नाही, त्यांच्यावर कोसळलेले संकट आहे, हे माडगूळकरांनी एकही विधान न करता दाखविले. मात्र दुष्काळातील ते पांगणे आणि दरवर्षीचे ते जाणे यांत भेद आहे, आणि कादंबरीच्या प्रभावाखाली आपण सुशिक्षित वाचक दुसऱ्यालाही पहिल्याच्याच डोळ्यांनी पाहू लागलो, ही शंका नोंदवून ठेवतो. पुढे या जमातींतील लेखक स्वतः लिहू लागले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ १९८३ साली. शीर्षकांकडे पाहावे. एकाने गावाच्या नजरेतून स्वतःला दिले जाणारे नाव घेतले. दुसऱ्याने पाठीवरच्या बिऱ्हाडाचे. उपरा म्हणजे ‘इथला नव्हे’. या शब्दाने बोट ठेवले आहे ते माणसाच्या पायावर नसून त्याला आत न घेणाऱ्या वेशीवर. अर्थविचाराच्या दृष्टीने हे शीर्षक अनेक समाजशास्त्रीय व्याख्यांहून अचूक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

येथे एक प्रतिवाद विचारात घेणे प्राप्त आहे. गेल्या काही दशकांत ‘भटकंती’ हा शब्द डोंगर चढणाऱ्या नागरी तरुणांनी आवडीने उचलला आहे. रविवारी पांडवगड किंवा वैराटगड चढून येणारे पुण्या-मुंबईचे गट स्वतःला हौसेने ‘भटके’ म्हणवितात. मग शब्दाला हीन अर्थ उरला कोठे? उत्तर असे की, ज्याच्या खिशात परतीचे तिकीट आहे त्याला निरुद्देशता ही चैन असते. तो सहा दिवसांच्या उद्देशातून एक दिवस सुटतो आणि त्या सुटकेला भटकणे म्हणतो. शब्दाचा अर्थ बदललेला नाही; निरुद्देशताच आहे, फक्त तिची किंमत बदलली. आणि गमतीची गोष्ट ही की, या भटकंतीला नकाशा, वेळापत्रक व वर्गणी असते. हिंदीच्या प्रभावाने ‘रस्ता भटकलो’ असाही प्रयोग अलीकडे कानी पडतो. हिंदीत ‘भटकना’ म्हणजे मुख्यतः वाट चुकणे. मराठीत त्यासाठी चुकणे आणि भरकटणे हे शब्द असताना या उसनवारीचे प्रयोजन दिसत नाही, परंतु तो विषय निराळा.

दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे आणि तो प्रस्तुत लेखकाला पुरता परतवता येत नाही. ‘भटके-विमुक्त’ या नावाखालीच या समाजांच्या संघटना उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले, हक्क मिळाले. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा अहवाल २००८ साली सादर झाला. त्याच्या नावातही विमुक्त आणि भटके या दोन शब्दांचीच प्रतिरूपे आहेत. ज्या शब्दाने हिणवले तोच शब्द हातात घेऊन लढणे ही भाषेच्या इतिहासातील परिचित घटना आहे; ‘दलित’ शब्दाच्या बाबतीत आपण ती पाहिली. तेव्हा वाईत बसून एका अध्यापकाने हा शब्द बदला असे सांगणे उद्धटपणाचे होईल. नाव कोणते ठेवावयाचे हे नाव धारण करणाराच ठरवील. ‘फिरस्ते’ हा जुना शब्द भाषेत आहे आणि तो कमी बोचरा आहे, एवढे सुचवून थांबणे बरे.

परंतु शासनाची संज्ञा एक आणि कोशातील अर्थ, वर्गातील उदाहरण, पाठ्यपुस्तकातील वाक्य हे दुसरे. दुसऱ्याची जबाबदारी सर्वस्वी आमची आहे. मोल्सवर्थने १८३१ साली आणि सुधारलेल्या आवृत्तीत १८५७ साली जे काम केले, दाते-कर्वे यांनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त जे पुढे नेले, त्यात बोलीतील शब्दांना मोकळे दार होते. त्या परंपरेला अनुसरून मागणी इतकीच की, ‘भटक्या’ या शब्दाखाली समाजवाचक अर्थ स्वतंत्र क्रमांकाने द्यावा, तो निरुद्देश संचाराच्या अर्थाचा उपभेद म्हणून देऊ नये. आणि हंगामी स्थलांतराचे शब्द ते करणाऱ्यांच्या तोंडून गोळा करावेत. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे संपादन झाले, त्या गावच्या आसपासच्या रानातून दरवर्षी मेंढरे जातात. शब्द गोळा करण्यास फार दूर जावे लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्या विद्यार्थ्याला बरोबर घेऊन प्रस्तुत लेखक अशा एका वाड्यावर दोन संध्याकाळ बसला. पन्नाशी उलटलेल्या मेंढपाळाशी झालेल्या संभाषणात तिन्ही क्रियापदे येतात का, याकडे मुद्दाम लक्ष दिले. ‘हिंडणे’ आले, पण मेंढरांविषयी : मेंढरे दिवसभर रानात हिंडतात. ‘फिरणे’ आले, ते वाऱ्याविषयी आणि एका शेतकऱ्याविषयी, ज्याने बसण्याचा शब्द देऊन तो फिरविला होता. ‘भटकणे’ एकदाच आले : कळपातून सुटलेले एक कोकरू रात्रभर भटकले. स्वतःविषयी त्यांनी वापरलेले शब्द असे : खाली जातो, वर येतो, बसतो, उठतो, आणि सर्वांत अधिक वेळा, मेंढरं जगवायला जातो. या शेवटच्या वाक्यात जगणे या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे, आणि जाण्याचा हेतू त्याच रूपात सांगून झालेला आहे.

‘खाली’ आणि ‘वर’ हे शब्द केवळ घाटाला धरून आहेत, की नदीच्या प्रवाहालाही, याविषयी विद्यार्थी आणि लेखक यांचे मत जुळले नाही. मेंढपाळाला विचारले तेव्हा त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि हाताने दिशा दाखविली. ती नैर्ऋत्य होती. दोन्ही अर्थांना सारखीच लागू पडणारी. कळप परतीच्या वाटेवर येतील तेव्हा हा प्रश्न पुन्हा विचारावयाचा आहे.